एमबीबीएसची जागा की नाटक?

ताई, तुमच्या भाचीला लातूरच्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसची जागा मिळतेय आणि तिला नाटकच करायचंय. ‘आधी डॉक्टर होऊ दे, नाटक नंतर’, असं तुमच्या प्रश्नावर बहुतेकांनी सांगितलंय, डॉक्टर असलेले नट श्रीराम लागू यांचा दाखला देऊन. लागू १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ नाटकाकडे वळले हे खरं. पण डॉक्टरकी करतानाही ते पुण्यात नाटकं करतच होते. ‘नंतर’ म्हणून त्यांनी नाटक बाजूला ठेवलं नव्हतं.

एमबीबीएस साडेचार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप, मग पीजीची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची धावपळ. मन नसताना हे रेटणं फार जड जातं.

कोरडवाहू शेतीवरच्या घराला सोयाबीनचा भाव पडल्यावर डॉक्टर लेकीचा केवढा आधार वाटतो, हे मला चांगलं कळतं. त्यामुळे तिच्या आईवडिलांना दोष देऊ नका. त्यांना पैशाचं उत्तर हवंय, ते पोरीनं द्यावं.

छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा ३ वर्षांचा अभ्यासक्रम; त्याला पदवी लागते, पण कुठल्याही विषयाची चालते. प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य यांतही कामं असतात, नुसता अभिनय धरून बसू नये.

जागा सोडण्याआधी तिला त्या विभागात घेऊन जा. तिथल्या मुलामुलींना खर्च कसा भागवता ते विचारू द्या. प्रवेशाची मुदत थोडी असते, म्हणून याच आठवड्यात जा.