शब्दचर्चा : युक्तिवादाला ‘बळकटी देणे’ आणि ‘पुष्टी देणे’ एकच का?

प्रश्न : एलसॅटची (अमेरिका, कॅनडातल्या कायदा महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेची) तयारी करते आहे. तिच्या लॉजिकल रीझनिंगमध्ये, म्हणजे युक्तिवाद तपासण्याच्या विभागात, ‘पुढीलपैकी कोणते विधान, खरे मानल्यास, युक्तिवादाला सर्वाधिक बळकटी देते?’ असे प्रश्न येतात. मराठीत कोणी ‘पुष्टी’ म्हणतं, कोणी ‘समर्थन’. निष्कर्ष सिद्ध होणं इथे अपेक्षित आहे का?

उत्तर : सिद्ध होणं अजिबात अपेक्षित नाही. निष्कर्ष आधीपेक्षा जास्त पटण्याजोगा झाला की बळकटी मिळाली, मग शंकेला थोडी जागा उरली तरी चालते. ‘पुष्टी’ मात्र मी टाळेन. पुष्टी मिळते ती बातमीला, सांगितलेल्या गोष्टीला. युक्तिवादात सांगितलेली गोष्ट (आधारविधान) आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष वेगवेगळे असतात, आणि बळकटी हवी असते ती या दोहोंमधल्या दुव्याला.

एक युक्तिवाद घ्या : ग्रंथालयाने उशिराचा दंड रद्द केला. त्यानंतर पुस्तकं वेळेवर परत येण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे दंड रद्द केल्यामुळेच ते वाढलं.

आता पर्याय पाहा. ‘दुसऱ्या मोजणीतही हे प्रमाण वाढलेलंच आढळलं.’ ही खरी पुष्टी, पण आपल्याला आधीच मान्य असलेल्या गोष्टीची. निष्कर्षातला ‘केल्यामुळेच’ हा शब्द होता तिथेच राहिला. ‘दंड रद्द व्हावा अशी बहुतेक वाचकांची मागणी होती.’ हे निर्णयाचं समर्थन झालं, कारणाबद्दल त्यात काही नाही. आणि ‘त्या काळात ग्रंथालयाने परतीची आठवण करून देणारे संदेश नव्याने सुरू केले नव्हते.’ दिसायला हा पर्याय सगळ्यांत किरकोळ, तरी उत्तर हेच. एक पर्यायी कारण बाद झालं. इतर कारणं शिल्लक असतील, असू देत.

कारण सांगणाऱ्या युक्तिवादात असं नकारार्थी विधान पुष्कळदा उत्तर असतं. ‘नव्हते’ दिसलं म्हणून ते वगळू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरं उत्तर : वरच्या विवेचनाशी सहमत. ‘खरे मानल्यास’ या दोन शब्दांवरही बोलायला हवं. पर्याय वास्तवात खरा आहे का, हा वाद इथे घालायचाच नाही. तो खरा धरायचा आणि निष्कर्षावर काय परिणाम होतो एवढंच बघायचं. ‘सर्वाधिक’ हा शब्द तुलनेचा आहे. पाचपैकी दोन पर्याय बळकटी देणारे वाटले, तर दुव्याला थेट भिडतो तो घ्यायचा. वरच्याच उदाहरणात ‘ज्या शाखांमध्ये दंड चालू ठेवला, तिथे प्रमाण वाढलं नाही’ असा पर्याय असता, तर मी तोच निवडला असता, कारण एका कारणाऐवजी सगळ्या शाखांना लागू असलेली कितीतरी कारणं त्याने एकदम मागे पडतात.

ऑगस्ट 2024पासून एलसॅटमधून लॉजिक गेम्स (दिलेल्या अटींवरून मांडणी ठरवण्याची कोडी) गेले आणि गुण मोजले जाणारे लॉजिकल रीझनिंगचे विभाग दोन झाले, प्रत्येकी 35 मिनिटांचे. त्यामुळे हा प्रश्नप्रकार नीट समजून घेण्याला आता आणखी महत्त्व आहे.

प्रश्न : आणि ‘पुढीलपैकी एक वगळता सर्व विधाने बळकटी देतात’ असं असेल तर? वेगळं विधान युक्तिवाद कमकुवत करणारंच असतं का?

उत्तर : तसं नाही. ‘बळकटी न देणारं’ एवढीच अट आहे. ते कमकुवत करणारं असू शकतं किंवा पूर्णपणे गैरलागू. वाचकांच्या मागणीचा वरचा पर्याय अशा प्रश्नात अगदी बरोबर उत्तर ठरेल.