सुरुवातीचा उत्साह दोन-तीन आठवड्यांत का ओसरतो?

प्रश्न : केळी उत्पादक, यावल तालुका

सर्वांना नमस्कार. माझे वय ३२ असून यावल तालुक्यात आमची चार एकर केळी आहे. वडिलांच्या आजारपणामुळे बी.ए.चे शिक्षण दुसऱ्या वर्षालाच सुटले होते. गेल्या वर्षी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात प्रवेश घेऊन ते पुन्हा सुरू केले. रोज पहाटे पाच ते सात अभ्यास करायचा, असे आतापर्यंत तीन वेळा ठरवले आणि तिन्ही वेळा दोन-तीन आठवड्यांत ते मोडले. आता समोर दोनशे पानी वही आहे. तिच्या पहिल्या अकरा पानांवर तारीख, धड्याचे नाव आणि लाल शाईची खूण आहे. बाराव्या पानावर नुसती तारीख आहे आणि त्यापुढची सगळी पाने कोरी आहेत. एखादे प्रेरणादायी भाषण ऐकले की दोन दिवस हुरूप राहतो, मग पुन्हा तेच. मी आळशी नाही. मे महिन्याच्या उन्हातही बागेतले काम चुकवत नाही. मग अभ्यासाच्याच बाबतीत माझी इच्छा कमी पडते आहे का?

उत्तर : निवृत्त शिक्षक, अमळनेर

भाऊ, इच्छा कमी असती तर तीन वेळा सुरुवात झाली नसती. परंतु ही पदवी आपणांस कशासाठी हवी आहे, हे प्रश्नात कुठेच आलेले नाही आणि मला तीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ठोकळ्यांची कोडी आवडीने सोडवणाऱ्या काही विद्यार्थ्यांना मधल्या एका सत्रात प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले आणि पुढच्या सत्रात ते बंद केले, तेव्हा मोकळ्या वेळेत त्या कोड्यांना हात लावण्याचे त्यांचे प्रमाण घटले. पुढे रिचर्ड रायन यांच्यासोबत त्यांनी मांडले की, हा निर्णय माझा आहे, हे मला जमते आहे आणि माझ्यासोबत कोणी आहे, या तीन जाणिवांवर माणसाची आतली ओढ टिकते. आपण एकटे, पहाटे, बंद खोलीत अभ्यास करता, म्हणजे तिसरी जाणीव तर जवळजवळ नाहीच. माझ्या अनुभवात जी मुले दोघे-तिघे मिळून धडा मोठ्याने वाचत, ती वर्षअखेरपर्यंत टिकत. त्यांतली सगळीच हुशार होती असे मुळीच नाही.

उत्तर : परिचारिका, भुसावळ

सरांचे म्हणणे मला मान्य आहे, तरीही दादांची अडचण अधिक साधी असावी असे वाटते. मी पाळ्यांमध्ये काम करते. रोज ठरावीक वेळी योगासने करण्याचा निश्चय माझ्याकडूनही टिकत नव्हता, कारण सकाळपाळीच्या आठवड्यातली वेळ रात्रपाळीच्या आठवड्यात उरतच नसे. शेवटी मी घड्याळ सोडले आणि घरी आल्यावर हातपाय धुतले की सतरंजी अंथरायची, एवढेच ठरवले. पाळी कोणतीही असो, हातपाय धुणे चुकत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी नेमके हेच अभ्यासले आहे: ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा स्वरूपात प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवणारे लोक, नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा तो अधिक वेळा पार पाडतात.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. २१ दिवसांत सवय लागते, या समजावर विसंबू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक नवी कृती करायला सांगितली. २०१० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ती कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले; कोणासाठी ती मुदत १८ दिवसांची निघाली, तर कोणासाठी, पुढचा अंदाज बांधून, २५४ दिवसांची. मधला एखादा दिवस चुकल्याने त्यांच्या सवयीवर फारसा परिणाम झाला नाही. तेव्हा बाराव्या पानावरची रिकामी तारीख म्हणजे मोडलेला नेम नव्हे. तेराव्या पानावर लिहायला हरकत नव्हती.

उत्तर : शेतकरी, चोपडा तालुका

ताईंनी पाळ्यांचे सांगितले तेच शेतीलाही लागू आहे. आपल्याकडे शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीच्या विजेवर पाणी देऊन दोन-अडीच वाजता घरी आलेला माणूस पाचला उठून पुस्तक उघडेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. भाऊ, वहीतल्या तारखा एकदा विजेच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. माझा सल्ला असा की, मोटार सुरू करून ठिबकचा पहिला व्हॉल्व्ह उघडला की दुसरा उघडेपर्यंत जो वेळ हाती राहतो, त्यात शेतातल्या खोलीत बसून वाचा. दिवस असो वा रात्र, पाणी तर द्यावेच लागते. केळीची काढणी चालू असताना मात्र अर्ध्या पानावर समाधान माना. त्या आठवड्यात दोन तासांचा हट्ट धरला तर पुढचा महिनाही हातचा जाईल.

प्रश्नकर्ता :

सर्वांचे मनापासून आभार. वही ताडून पाहिली. तिन्ही वेळा खंड पडला तो रात्रीच्या विजेच्या आठवड्यातच, आणि मी मात्र इतके महिने स्वतःलाच बोल लावत होतो. सरांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, नोकरी मिळवण्याचा माझा विचार नाही. अर्थशास्त्राचा पहिला धडा वाचताना बाजारात केळीचा भाव का पडतो हे मला पहिल्यांदा नीट उमगले होते. ते पुढे वाचायचे आहे. शेजारच्या बांधावरचा एक मुलगा बारावीत आहे, त्याला रविवारी सोबत बसण्याविषयी विचारले आहे. पुस्तके शेतातल्या खोलीत नेऊन ठेवली; तिथे उंदीर फार आहेत, म्हणून ती पत्र्याच्या डब्यात घातली. या आठवड्यात वीज रात्री दहाला येते.