रिपोर्टच्या फिल्टरमध्ये नाव सुचवणारी पेटी: हवी की नको?

कापूसकाटा, दिग्रस
जिनिंगचा खरेदी-रिपोर्ट काढताना आमच्या प्रोग्राममध्ये शेतकऱ्याचं नाव ड्रॉपडाऊनमधून निवडावं लागतं. यादी सरकवता सरकवता समोरचा माणूस चहा पिऊन परत येतो. तिथं ऑटोकम्प्लीट टाका: तीन अक्षरं टाइप केली की जुळणारी दहा-पंधरा नावं. तालुक्याचं ड्रॉपडाऊन राहू द्या. यवतमाळ जिल्ह्यात तालुके १६, त्यात शोधायचं काय?

जुना ऑपरेटर, दारव्हा
आपला विरोध. भाऊ, सीझनमध्ये नाव कोण टाइप करते? खाते नंबर टाका, एंटर मारा, झालं. अन् दिग्रस-पुसदकडं 'राठोड' टाइप करून पाहा. खाली राठोडच राठोड. घाईत पहिल्यावर बोट पडलं का दुसऱ्याच्या कापसाचा हिशेब याच्या हातात!

कापूसकाटा, दिग्रस
तुम्हाले नंबर पाठ आहेत, नव्या पोराले नाहीत. अन् शेतकरी पावती घरीच ठेवून येते. त्याच पेटीत आकडे टाइप केले तर खात्यावर शोध, अक्षरं टाइप केली तर नावावर. ओळीत नुसतं नाव नको. बापाचं नाव, गाव, खाते नंबर सगळं दिसावं. गावही पूर्ण, खुर्द का बुद्रुक ते धरून.

डेटाबेसवाला, अमरावती
मला सर्व्हरची काळजी. 'राठोड%' म्हणजे नावाच्या सुरुवातीपासून शोध असेल तर इंडेक्स (टेबलाची लावून ठेवलेली सूची) कामी येऊ शकतो. '%राठोड%' म्हणजे नावात कुठंही शोध केला की साधा इंडेक्स बाजूला आणि अख्खं टेबल चाळणं सुरू, तेही दर अक्षराला. त्यात काही जण सूचना थेट खरेदीच्या टेबलातून 'डिस्टिंक्ट' लावून (प्रत्येक नाव एकदाच घेऊन) काढतात! खातेदारांच्या मूळ यादीचं, मास्टर टेबल कशाला ठेवलंय मग? आडनावाचा कॉलम वेगळा करा, बोट थांबल्यावर पाव-अर्ध्या सेकंदानं सर्व्हरला एकच क्वेरी (विचारणा) पाठवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आधीच्या अक्षरांचं उत्तर नंतर पोचतं आणि यादी उलटीपालटी होते, ते जुनं उत्तर टाकून द्या. एवढं करणार नसाल तर ड्रॉपडाऊनच बरं.

सोसायटीची हिशेबनीस, वर्धा
वेगाचं ठीक, पण फिल्टरनं धरायचं काय ते कोणी बोलत नाही. टाइप केलेली अक्षरं नाहीत, निवडलेल्या खात्याचा आयडी. अर्धवट नाव टाइप केलं, निवडलं काहीच नाही आणि बटण दाबलं, तर कित्येक प्रोग्राम फिल्टर रिकामा समजून सगळ्या तालुक्याचा रिपोर्ट काढतात. प्रिंटर मग थांबत नाही. तिथं 'यादीतून निवडा' असं अडवलंच पाहिजे. तालुका बदलला की आधी निवडलेलं गाव आपोआप पुसलं जावं.

दुसरं, बंद खाती. नोंदणीच्या फॉर्ममध्ये ती लपवणं बरोबर. रिपोर्टमध्ये लपवली तर वारलेल्या माणसाचा मागच्या सालचा हिशेब वारसाला द्यायचा कसा? समोर 'बंद' लिहा, पण दाखवा.

आणि ह्रस्व-दीर्घ! 'पांडुरंग' एकानं असं भरलं, दुसऱ्यानं 'पांडूरंग'. शोधासाठी वेगळा कॉलम ठेवून त्यात ही सगळी रूपं एकच करून टाका.

जुना ऑपरेटर, दारव्हा
बंद खात्याचं पटलं बाप्पा, मंग टाका. पण माउसले हात लावाले लागू नये: बाणानं खाली, एंटरनं निवड. अन् पूर्ण नंबर टाकला त यादी उघडूच नका, सरळ नाव दाखवा.