घरच्या बागेची सेंद्रिय वाईन करायची म्हणतोय, अथणी भागात जमंल का?

बागवाला_अथणी
नमस्कार मंडळी. आमची इकडं बेळगाव जिल्ह्यात साडेचार एकर थॉमसन द्राक्षाची बाग हाय, आजवर सगळा माल शेडवर बेदाणा करून तासगावला जातोय. धाकटा भाऊ नाशिक भागात एका वाईनरीत चार वर्षं कामाला होता, आता घरी आलाय आणि दीड एकर शिराझ, म्हंजे रेड वाईनची द्राक्षं, लावून घरीच वाईन करूया म्हणालाय, तेबी सेंद्रिय. आप्पा माळकरी, आधी विषयच काढू देईनात, पण आता म्हणालेत की बागेत विष मारणार नसला तर लावा. तीस वर्षं फवारणीच्या ब्लोअरवर बसून औषधाचा वास घेतलाय त्यांनी, रात्री हाताची आग होती म्हणून उठून बसत्यात, त्यामुळं सेंद्रियचा हट्ट आमच्यापेक्षा त्यांचाच जास्त. पण ऑक्टोबर छाटणी झाली की परतीचा पाऊस गाठतोय, डावणी, म्हंजे बुरशीचा रोग, दोन दिवसांत घड खाती, तवा बिनऔषधाची बाग टिकती का? आणि वाईनमधी सल्फर घालत्यात म्हणं, मग ती सेंद्रिय कशी?

कृष्णाकाठ_कागवाड
दादा, सेंद्रिय म्हंजे बिनऔषधाची बाग नव्हे, हे आधी घरात सगळ्यांना सांगा, नाहीतर पहिल्याच पावसाळी आठवड्यात आप्पांचं आणि भावाचं भांडण लागंल. बोर्डो चालतंय, गंधक चालतंय, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चालती. मी सहा वर्षं सेंद्रिय बेदाणा करालोय, त्यातलं तिसरं वर्ष निम्मं पीक डावणीनं नेलं, खोटं कशाला सांगू. छाटणी झाली की ओलांड्यावर, म्हंजे वेलाच्या आडव्या फांदीवर, एक टक्का बोर्डो देतोय, म्हंजे किलो मोरचूद, किलो चुना आणि 100 लिटर पाणी, पण कोवळ्या फुटीवर अर्ध्या टक्क्याच्या वर जायचं नाही, पानं करपत्यात. आणि मोरचुदातलं तांबं मातीत साठत जातंय बरं का, युरोपात 2019 पासनं सेंद्रिय बागेलाबी 7 वर्षांत हेक्टरी 28 किलोच्या वर तांबं मारू देत नाहीत. म्हणून फवारणीपेक्षा विरळणीवर मजूर खर्च करा, फुटी दाटू देऊ नका, पान सकाळी लवकर वाळलं की डावणीला जागाच मिळत नाही. वेलाचे डोळे, म्हंजे कोंब, फोडायला डॉरमेक्स हे रसायन लावता येणार नाही, फुटी मागंपुढं निघतील, तेवढं सोसायचं. मणी फुगवायचं जीए तर वाईनच्या द्राक्षाला लागतच नाही, मणी बारीक असलेलाच बरा, रंग आणि चव सालीत असती. आणि हो, शेजाऱ्याचा ब्लोअर! त्याच्या बांधाकडच्या दोन ओळी वेगळ्या तोडा, तो माल सेंद्रियमधी मिसळू नका.

चिकोडीची_लेक
मी एका वाईनरीच्या लॅबमध्ये आहे, सल्फरचं मी सांगते. तुम्ही शेडवर बेदाण्याला गंधकाची धुरी देता ना, तोच सल्फर डायऑक्साइड, वाईन ऑक्सिजननं आणि जंतूंनी बिघडू नये म्हणून थोडा घालतात. थोडासा तर आंबवताना यीस्ट स्वतःच तयार करतं, त्यामुळं शून्य सल्फाइटची वाईन जवळजवळ नसतेच. युरोपात 2012 च्या हंगामापासून सेंद्रिय वाईन असं लेबलवर लिहिता येतं, तिथं कोरड्या रेड वाईनला लिटरमागं 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, साध्या रेडला 150. अमेरिकेत मात्र ऑरगॅनिक वाईन म्हणायची तर वरून सल्फाइट घालताच येत नाही.
आता आपल्या भागाची खरी अडचण. उन्हात साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगानं उतरतो, पीएच वर जातो, आणि पीएच 3.8 च्या पुढं गेला की सल्फर घालूनही त्याचा जोर राहत नाही. त्यामुळं नुसता ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, 24 झाला का एवढंच बघू नका, पीएच मीटर घ्या, पहाटे गार असताना तोडा, दहाच्या आत माल टाकीत गेला पाहिजे. भावाला म्हणावं सुरुवात रेडनंच कर, रेड 25 अंशाच्या आसपास आंबते, पांढरीला 15 च्या आसपास गारवा लागतो आणि शेतातलं थ्री फेज दिवसभर नसतंय हे तुम्हाला मी काय सांगायचं. चोथा फेकू नका, कंपोस्ट करून बागेतच घाला.

रायबाग_पाटील
कागदाचं बोलतो. नवी लागण करताय ना, मग पहिल्या दिवसापासून सेंद्रिय नोंद ठेवा, बारमाही पिकाला साध्याचं सेंद्रिय व्हायला, म्हणजे रूपांतराला, 3 वर्षं लागतात, तेवढ्यात वेलही नीट फळावर येतोय, वर्षं फुकट जात नाहीत. चालू थॉमसन बदलायला घेतली असती तर ती वर्षं कष्ट सेंद्रियचे आणि दर साधा असं झालं असतं. लायसनसाठी अबकारी खात्याकडं जाण्याआधी कर्नाटक वाईन बोर्डाकडं विचारा, 2007 च्या द्राक्ष प्रक्रिया आणि वाईन धोरणातनं ते निघालंय. सगळे कागद कन्नडात, घरात वाचणारं कोण नसंल तर मला मेसेज करा, मी वाचून देईन.

बागवाला_अथणी
सगळ्यांचे लई आभार. आप्पांना रात्री सगळं वाचून दाखवलं, बोर्डोचं ऐकून म्हणाले, हे तर माझे वडील मारायचे. ताईंचं पीएचचं भावानं वहीत लिहून घेतलंय. दीड एकर एकदम नको, यंदा वीस गुंठ्यात डॉगरिज जातीचे खुंट, म्हंजे मुळाकडचा वेल, लावतो आणि पुढच्या वर्षी त्यावर शिराझचं कलम भरतो, असं ठरतंय. पाटील, कन्नड कागदासाठी मेसेज टाकलाय, बघा.