डॉप्लर: दोन्ही गाड्या धावत असताना उत्तर जुळत नाही, मदत हवी आहे

वाशिष्ठीकाठ:
सीईटीचं डॉप्लर परिणामाचं गणित आहे, म्हणजे आवाज करणारा किंवा ऐकणारा हलत असला की सूर बदललेला ऐकू येतो ते. दोन गाड्या समोरासमोर येतायत, एकीचा हॉर्न ४०० हर्ट्झ, दुसरीतल्या प्रवाशाला किती ऐकू येईल? सापेक्ष वेग घेऊन केलं, ४५३.३ आलं. पुस्तकात ४५० आहे. पुस्तक चुकलंय का? उद्या क्लासला दाखवायचंय, लवकर सांगा.

माडबन:
गाड्यांचा वेग किती? ध्वनीचा किती धरलायस? हे न देता कोण काय सांगणार?

वाशिष्ठीकाठ:
दोन्ही ताशी ७२ किमी. ध्वनी नेहमीचाच, ३४०.

रुळावरचा:
चिपळूणला एकच मार्ग आहे. क्रॉसिंगला एक गाडी स्टेशनात थांबते, मग दुसरी सुटते. दोन्ही धावत्या हव्या असतील तर रोहा ते वीर, तिथलं दुहेरीकरण २०२१ मध्ये झालं.

माडबन:
गणितात कोकण रेल्वे कुठे आहे? @वाशिष्ठीकाठ, ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. तू दोन्ही मिळून ४० केलेस आणि सगळे हॉर्नच्या गाडीला देऊन टाकलेस: ४०० × ३४० ÷ ३००. सगळे प्रवाशाला दिले असतेस तर ४४७ आले असते. ध्वनीचा वेग हवेच्या संदर्भात मोजतात, म्हणून कोण किती धावतंय ते वेगवेगळं धरावं लागतं. हॉर्न पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पुढची तरंगलांबीच आखडते: ३२० ÷ ४०० = ०.८ मीटर. प्रवाशामुळे ती बदलत नाही, तो फक्त त्या लाटांना ३६० च्या वेगाने भिडतो. ३६० ÷ ०.८ = ४५०.

सड्यावरून:
मे महिन्यात आपल्याकडे ३४० कुठला? ३३ अंशाला ३५० च्या वर जातो. शिवाय दुपारचा खारा वारा धरायलाच हवा.

माडबन:
रुळाच्या दिशेने वाहणारा असेल तर ध्वनीच्या वेगात मिळवायचा किंवा वजा करायचा. गणितात दिलाय का? मुलांना कशाला घोळात घालताय?

सड्यावरून:
घोळ कसला? आवाज हवेतूनच येतो ना?

बंदरावर:
सोपं आहे. लाँच जवळ येते तसा भोंगा मोठा ऐकू येतो, कारण अंतर कमी होतं.

रुळावरचा:
ते तीव्रतेचं झालं, इथे पट्टी बदलते. १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये बायस बॅलट यांनी आगगाडीत वादक बसवून हेच तपासलं. वादक एकच सूर धरून होते आणि रुळाशेजारी तयार कानाचे संगीतकार उभे होते.

वाशिष्ठीकाठ:
आलं ४५०! गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या की दोन्ही चिन्हं उलटी ना? ४०० × ३२० ÷ ३६० = ३५५.६?

माडबन:
बरोबर. एकक लिहायला विसरू नकोस.

सड्यावरून:
वारा धरूनही एकदा सोडव.