वायपर मोटर सुलट फिरते, उलट दिली की ऊनो रीसेट

रातांबा_गुहागर:
खळ्यात आमसुलं वाळत असतात, त्यावर रुळावरचं सरकतं छत बसवतोय. वळवाची सर आली की आपोआप मिटायला हवं. १२ व्होल्टची जुनी वायपर मोटर, एल२९८एन ड्रायव्हर (मोटरला करंट देणारं, दिशा बदलणारं मॉड्यूल), अर्डुइनो ऊनो (कोडवर चालणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), गाडीची बॅटरी. बॅटरीची निगेटिव्ह लोखंडी सांगाड्याला दिली आहे, मोटरही त्यालाच बोल्ट केली आहे. सुलट फिरते, पण दम नाही आणि हीटसिंकला हात लाववत नाही. पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून वेग ठरवणारा सिग्नल, ० ते २५५) ८० च्या खाली नेला की नुसती गुणगुणते. उलट दिली की हलतही नाही, ऊनो रीसेट होतो. कोड चुकतोय का?

वाइंडिंग_चिपळूण:
कोड राहू द्या. मोटरच्या सगळ्या वायरी सोडवा, मोटर सांगाड्यावरून उतरवा आणि मीटर बझरवर ठेवून प्रत्येक वायर ते मोटरची बॉडी तपासा. बऱ्याच वायपर मोटरींत निगेटिव्ह ब्रश थेट बॉडीला असतो. तुमची बॉडी सांगाड्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला गेलेली. उलट दिशेला ड्रायव्हर त्याच टोकाला १२ व्होल्ट देतो, म्हणजे सरळ शॉर्ट. मोटरखाली रबर घालून भागणार नाही, शाफ्ट आणि चेनमधूनही वीज जाते. झाकण उघडून त्या ब्रशची वायर बॉडीपासून तोडा आणि वेगळी बाहेर काढा.

सर्किट_लांजा:
शॉर्टचं निदान बरोबर. पण एल२९८एनही बदलाच. एका चॅनलला २ अँपियरची मर्यादा, त्यात दोनेक व्होल्ट तो स्वतःच खातो. दम तिथेच जातो. वायपर मोटर अडकली तर १५-२० अँपियर सहज ओढते. बीटीएस७९६० चं मॉड्यूल घ्या, हा जास्त करंटचा ड्रायव्हर. त्याची आरपीडब्ल्यूएम (एका दिशेची) पिन ऊनोच्या ९ ला, एलपीडब्ल्यूएम (दुसऱ्या दिशेची) १० ला. दोन्ही ईएन (मॉड्यूल चालू करणाऱ्या) पिना एकत्र करून ८ ला जोडा आणि तिथून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर, नाहीतर ऊनो सुरू होताना छत झटका देईल. मॉड्यूलच्या बी+ आणि बी− (बॅटरीच्या टोकां)वर १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच फ्यूज. ऊनोला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल) द्या, ग्राउंड मात्र एकच.

गुणगुण ऊनोच्या पीडब्ल्यूएमच्या ४९० हर्ट्झची आहे, ती कानाला ऐकू येणार नाही इतकी वर न्या. कोडमध्ये पिन ९-१० चालवणारा टायमर १ फेज-करेक्ट मोडमध्ये (वर मोजून परत खाली मोजणारा), प्रीस्केलर (घड्याळाचा भागाकार) १, आयसीआर१ (मोजणीचं वरचं टोक) = ४०० ठेवा, बरोबर २० किलोहर्ट्झ मिळतात. मग ओसीआर१ए (पिन ९) आणि ओसीआर१बी (पिन १०) मध्ये वेगासाठी ० ते ४०० भरायचं. सुरुवातीला २०० मिलिसेकंद २४० द्या, मग हवा तेवढा उतरवा.

दिशा बदलताना आधी शून्यावर आणा, अर्धा सेकंद थांबा, मगच उलट. फिरती मोटर स्वतः व्होल्टेज तयार करते, ते बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळतं आणि करंट अडकलेल्या मोटरच्या जवळपास दुप्पट होतो.

रातांबा_गुहागर:
बझर वाजला, बॉडीलाच आहे. ब्रश वेगळा करतो. छत टोकाला पोचलं की दाबले जाणारे लिमिट स्विच कसे जोडू?

सर्किट_लांजा:
एनसी बाजूने (एरवी जोडलेली, दाबल्यावर तुटणारी) ग्राउंडला, पिनवर पुलअप (पिन एरवी हाय ठेवणारा रेझिस्टर) लावून. खाऱ्या हवेनं टर्मिनल खाल्लं किंवा वायर तुटली, तर ऊनोला ‘टोक आलं’ असंच दिसतं आणि मोटर थांबते. एनओ (एरवी उघडी बाजू) लावलात तर तुटलेली वायर कळणारच नाही, छत रुळावरून उतरेल.