सेल्फ मारला की नुसतं 'टक', सोलेनॉइड तर गेल्या हंगामातच बदललाय

ऊसवाला_करवीर:
नमस्कार मंडळी, जरा अडचणीत हाय म्हणून विचारतोय. घरचा 35 एचपीचा जुना ट्रॅक्टर, वडिलांच्या हातचा, इंजिन अजून एक नंबर, धूर नाही काही नाही. पण सेल्फनं (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) जीव नकोसा केलाय. सकाळी गार असताना किल्ली फिरवली की घेतो, पण काम करून इंजिन तापलं आणि बंद केलं की मग घेत नाही, एकच 'टक' आवाज येतो आणि गप्प. परत फिरवली की परत टक. असं करत करत मग कधीतरी एकदम गर्रकन घेतो. बॅटरी नवी हाय, टक होताना हेडलाईट मंद पण होत नाही. सेल्फवरचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा स्विच) गेल्या हंगामात नवा टाकलाय आणि आता मेकॅनिक म्हणतोय अख्खा सेल्फच बदला.

फडात टोळी आलीय, कारखान्यावर नंबरला थांबलं तरी ट्रॅक्टर बंद करायची सोय नाही, नुसतं डिझेल जळतंय. शेतात असला की उतारावर लावतो पण भरलेल्या ट्रॉलीला उतार कुठनं आणायचा. ड्रायव्हर पोरगं खाली उतरून सोलेनॉइडवर स्क्रूड्रायव्हर टेकवून चालू करतंय. हा सोलेनॉइड रिपेअर होतोय का परत नवा टाकू, का खरंच सेल्फ गेलाय?

गडहिंग्लजकर:
दादा आधी अर्थिंग बघा. बॅटरीचा निगेटिव्ह जिथं चेसिसला बोल्टनं आवळलाय तिथं चिखलणीचा चिखल आणि गंज बसतो, वरून बघून काही कळत नाही. बोल्ट काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा. बॅटरीची टर्मिनल पण गरम पाण्यानं धुवून घ्या. फुकटातलं काम आहे, सेल्फ खोलायच्या आधी हे करा.

सेल्फवाला_उद्यमनगर:
वर सांगितलंय ते बरोबर, तरी मी एक विचारतो. सोलेनॉइड नवा टाकून एकाच हंगामात गेला, तर तो गेला कशानं? हे न शोधता तिसरा टाकला तर तो पण जाणार. आमच्याकडं दुकानात असे लै सेल्फ येतात, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) चांगलं, ब्रश (त्याला करंट देणारे कार्बन) चांगले, आणि माणूस नवीन सेल्फचे पैसे मोजायला तयार.

सोलेनॉइड दोन कामं करतोय बघा. आतला प्लंजर (सरकणारा लोखंडी दांडा) ओढला गेला की त्याच्या एका टोकानं फोर्क हलून पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या रिंगला जाऊन लागतं, आणि दुसऱ्या टोकाची तांब्याची चकती दोन मोठ्या बोल्टांवर आपटून बॅटरीचा करंट मोटरला देते. तो 'टक' म्हणजे प्लंजर ओढला गेल्याचा आवाज. म्हणजे पहिलं काम होतंय, दुसरं होत नाहीय. मोटरला करंट गेला असता तर हेडलाईट मंद झालीच असती, तुमची होत नाही म्हणताय म्हणजे करंट चकतीपाशीच अडतोय. टकटकटकटक असा सारखा आवाज असता तर मी बॅटरी उतरलीय नाहीतर होल्डिंगची वाइंडिंग (प्लंजर धरून ठेवणारी तारेची गुंडाळी) तुटलीय म्हटलं असतं.

आता एक साधा मल्टिमीटर घ्या, 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला, स्टॉपर (इंजिनचं डिझेल बंद करणारा खटका) ओढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. इंजिन तापलेलं असतानाच, जेव्हा घेत नाही तेव्हाच मोजायचं, गार असताना मोजून उपयोग नाही. एकानं किल्ली धरायची आणि दुसऱ्यानं बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर मोजायचं (क्लॅम्पवर नाही, खुंटीवर), मग सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांच्या मधे, मग किल्लीची बारीक वायर येते त्या टर्मिनलवर बॉडीला लावून. दोन मोठ्या बोल्टांच्या मधे टक झाल्यावर जवळजवळ शून्य यायला पाहिजे. तिथं पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज दिसलं तर चकती जळलीय. आकडे टाका इथं.

राधानगरी_ड्रायव्हर:
बाकीचं तुम्ही जाणकार सांगा, मी फक्त त्या स्क्रूड्रायव्हरवर बोलणार. ते पोरगं उभं कुठं राहतंय, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे ना? जुन्या डिझेल इंजिनला चालायला किल्ली लागत नाही, स्टॉपर आत असला की फिरवलं की चालू. आणि स्क्रूड्रायव्हरनं डायरेक्ट दिलं की न्यूट्रलचा सेफ्टी स्विच असला तरी त्याचा काही उपयोग नाही. गिअरमधे राहिला असला तर ट्रॅक्टर जागेवरनं सुटतो आणि मागचं चाक थेट अंगावर. तिथनं हलायला पण वेळ मिळत नाही. हात जोडून सांगतो, आजच्या आज बंद करा ते. डिझेल जळू दे नंबरात, चालतंय.

ऊसवाला_करवीर:
दादा तुमचं पटलं, पोराला सांगितलंय, स्क्रूड्रायव्हर टूलबॉक्समधनं काढूनच ठेवला. अर्थिंग घासलं, गंज होता पण फरक पडला नाही. मीटरचे आकडे, सगळे इंजिन गरम असताना आणि किल्ली धरून: बॅटरीच्या खुंटीवर 12.4, दोन मोठ्या बोल्टांच्या मधे 12 च्या आसपास, आणि बारीक वायरवर 9.7.

आणखी एक सांगायचं राहिलं, मागं एकदा किल्ली सोडल्यावर पण सेल्फ फिरतच राहिला होता, बॅटरीची वायर उपसली तेव्हा थांबला.

सेल्फवाला_उद्यमनगर:
मग झालं की निदान. चकती जळलीय हे नक्की, आणि ती का जळली ते तुमच्या 9.7 मधे आहे. बॅटरीवर 12.4 आणि बारीक वायरवर 9.7 म्हणजे वाटेतच पावणेतीन व्होल्ट खाल्ले, किल्लीचे आतले पॉइंट, जुनी वायर, मधले सॉकेट सगळ्यांनी मिळून. त्यामुळं प्लंजर जोरानं ओढला जात नाही, चकती बोल्टांवर घट्ट न बसता अर्धवट टेकते, ठिणगी उडते आणि तांबं जळत जातं. तापल्यावर जास्त का, तर तांब्याची वायर तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, 50 अंशांनी जास्त तापली तर साधारण 20 टक्के, म्हणजे ओढ आणखी कमी. सेल्फ सुटला नाही तो पण ह्याच्यातलाच प्रकार, ठिणगीनं चकती बोल्टाला चिकटली. परत तसं झालं तर पहिल्यांदा बॅटरीच सोडवायची, तुम्ही केलंत तेच.

रिपेअर होतो. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा, मग सोलेनॉइड उतरवा. मागच्या टोपीचे स्क्रू काढायच्या आधी वाइंडिंगच्या वायरी टर्मिनलला जिथं डाग दिलेल्या असतात तिथं सोल्डर सोडवून घ्या, नाहीतर टोपी ओढताना वायर तुटते आणि मग खरंच नवा घ्यावा लागतो. आत बघा, बोल्टांची डोकी एका बाजूनं खड्डा पडून काळी झालेली दिसतील, दुसरी बाजू बहुतेक कोरी असते. बोल्ट अर्धा फेरा फिरवून बसवायचे आणि चकती उलटी करायची, दोन्हीकडं चांगलं तांबं समोर येतं. चकती पातळ झाली असली तर बोल्ट आणि चकतीचा सेट वेगळा मिळतो. प्लंजर आणि त्याची नळी कापडानं कोरडी पुसा, ग्रीस भरू नका, धूळ धरून जाम होतंय. टोपीला बारीक चीर असली तर मात्र नवा घ्या, मोठ्या केबलचा नट आवळताना ती वाढते. आणि तो नट आवळताना खालच्या नटाला दुसरा पाना लावून धरायचा, नाहीतर आतला बोल्टच फिरतो आणि तुमची चकती परत वाकडी टेकते.

आणि हे करून झालं की रिले (किल्लीच्या थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) बसवा, त्याशिवाय गाडी जोडू नका. साधा चार पिनांचा 12 व्होल्टचा 40 अँपिअरचा रिले, 30 नंबरला बॅटरीकडनं जाड वायर मधे फ्यूज टाकून, 87 वरनं सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला, 86 ला किल्लीची जुनी वायर, 85 बॉडीला. न्यूट्रल स्विच असला तर तो किल्लीच्या लाईनीतच राहू दे, तोडू नका. रिले सायलेन्सरपासून लांब आणि पिना खाली करून लावा, पाणी साठत नाही. मग बारीक टर्मिनलवर परत मोजा, बॅटरीच्या अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे.

गडहिंग्लजकर:
रिलेचं आम्ही पण केलंय, फरक लगेच कळतो, टक चा आवाजच भारदस्त होतो.

ऊसवाला_करवीर:
खोलला. एका बोल्टाला खड्डा, चकतीची कड निळीकाळी, टोपी धड आहे. बोल्ट फिरवून, चकती उलटी करून बसवली, रिले घातला, आता बारीक वायरवर 12.1 येतंय. दुपारी रोटावेटर मारून तापवून बंद केला, पहिल्या किल्लीला घेतला. उद्या पहाटे ऊस भरून निघतोय, नंबरात बंद करून बघतो.